नकारपत्राचे उत्तर

हातोद हे इंदूरजवळचे लहानसे गाव. नगरपरिषद आहे, तहसील कचेरी आहे, भोवती गहू, सोयाबीन आणि लसूण-बटाट्याची शेते आहेत, आणि या सगळ्यांत मिसळून गेलेली मोजकी मराठी घरे आहेत. कोणाचे पणजोबा होळकरांच्या काळी कारकुनीस आले, कोणाचे आजोबा शिक्षक म्हणून आले, आणि मग परत जाणे राहून गेले. माळव्यातील बहुतेक मराठी कुटुंबांची कथा याहून फारशी निराळी नाही. घर सोडून दूर जाणे आणि तेथेच रुजणे हे आपल्याला नवे नाही. मात्र पणजोबांना तापी-नर्मदा ओलांडून येताना कोणाची लेखी परवानगी लागली नव्हती. आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पणजीला, ‘मी यांची खरोखरीची पत्नी आहे’ असे कोणा अपरिचित अधिकाऱ्यासमोर कागदोपत्री सिद्ध करावे लागले नव्हते. आज ते करावे लागते. तसे करताना आमच्या एका स्नेह्यांच्या घरावर काय प्रसंग आला, त्यात प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा हात कसा होता, आणि त्यातून वाट कशी सापडली, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पत्रिकेतील एक अक्षर

स्नेह्यांची कन्या माझी विद्यार्थिनी. नाव येथे देत नाही. २०२१च्या मार्गशीर्षात तिचा विवाह देवासच्या एका मराठी कुटुंबातील मुलाशी झाला. मुलगा सात-आठ वर्षे इंग्लंडात नोकरी करीत होता आणि तेथे कायम वास्तव्याची परवानगी त्याला मिळाली होती. लग्नानंतर महिन्याभराने तो कामावर परतला. पत्नीने व्हिसासाठी अर्ज करायचा आणि दोन-चार महिन्यांत जायचे, असे ठरले होते. पतीचे उत्पन्न त्या वेळच्या नियमाप्रमाणे वर्षाला १८,६०० पौंडांहून अधिक होते. मुलगी इंग्रजीची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झाली होती. क्षयरोगाची तपासणीही झाली होती. काळजीचे कारण कोणालाच दिसत नव्हते.

२०२२च्या जून महिन्यात, मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता, तेव्हा मुलीचे वडील छापून आणलेली चार पाने घेऊन माझ्याकडे आले. “मास्तर, तुम्हीच वाचा हे. माझ्याच्याने वाचवत नाही,” एवढेच म्हणून ते खुर्चीत बसले. अर्ज नामंजूर झाला होता. मागून मुलगीही आली. तिने विचारले, “सर, आमचं लग्न खोटं आहे, असं म्हणतात का हो ते?”

पत्र मी दोनदा वाचले. लग्न खोटे आहे असे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते. ते खरे असल्याविषयी आपली खात्री पटली नाही, असे लिहिले होते. वाचणाऱ्याच्या मनाला दोन्ही वाक्ये सारखीच लागतात; परंतु त्यांत फार मोठे अंतर आहे. पहिले वाक्य आरोपाचे आहे, दुसरे अपुऱ्या पुराव्याचे. आरोपाने माणूस खचतो किंवा संतापतो. अपुरा पुरावा मात्र पुरा करता येतो. पुढे जे काही घडले त्याचे मूळ या एका फरकात आहे.

खात्री न पटण्याची तीन कारणे दिली होती. पहिले असे, की ‘आपण प्रथम केव्हा भेटलात?’ या प्रश्नाला पती-पत्नींनी निरनिराळ्या तारखा दिल्या होत्या. मुलाने पाहण्याच्या कार्यक्रमाची तारीख लिहिली होती. मुलीने साखरपुड्याची लिहिली होती, कारण पाहण्याच्या दिवशी सगळी वडीलमंडळी समोर बसलेली, दोघे एकमेकांशी धड बोललेही नव्हते. तिच्या लेखी ती भेटच नव्हती. दुसरे कारण नावाचे. पारपत्रावर आणि विवाहाच्या दाखल्यावर मुलीचे माहेरचे नाव होते. पतीने आपल्या विम्याच्या कागदात वारस म्हणून मात्र तिचे लग्नातले नाव घातले होते. ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले ते नाव. अधिकाऱ्यासमोर एकाच पुरुषाच्या कागदांत दोन स्त्रिया उभ्या राहिल्या. त्यांतली पत्नी कोणती, हे त्याने कसे ओळखावे?

तिसरे कारण वाचले आणि माझे हात थंड पडले. लग्नपत्रिकेचे इंग्रजी भाषांतर मी करून दिले होते, आणि नियमाप्रमाणे ते अचूक असल्याचे लिहून, तारीख घालून, खाली सही-पत्ता दिला होता. पत्रिकेत वधूच्या नावामागे रीतीप्रमाणे ‘चि. सौ. कां.’ होते. इंग्रजीत नावामागे काहीतरी लिहिलेच पाहिजे या सवयीने, ‘सौ.’साठी जो शब्द मी नेहमी वापरतो, विवाहित स्त्रीच्या नावामागे येणारा, तोच मी येथेही ठेवून दिला होता. वार्षिक परीक्षेचे दिवस होते. रात्री दहानंतर घाईने केलेले काम. परिणाम असा झाला, की विवाहापूर्वी छापलेल्या पत्रिकेत वधू आधीच विवाहित ठरली. आणि अर्जात तर ‘यापूर्वी विवाह झालेला नाही’ असे तिने लिहिले होते. अधिकाऱ्याने विचारले होते ते योग्यच विचारले होते.

सौभाग्यकांक्षिणी म्हणजे सौभाग्याची आकांक्षा धरणारी. अर्थात जिचे लग्न अद्याप व्हावयाचे आहे अशी कन्या. हे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. मराठीत एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाने त्याच शब्दाचा अर्थ नेमका उलटा करून, खाली सही करून, सातासमुद्रापार पाठवावा, याला काय म्हणावे? मी तेथल्या तेथे वडिलांना आणि मुलीला ते सांगितले. वडील काही बोलले नाहीत. मुलगी म्हणाली, “सर, पण आता लिहून देता येईल ना, की अर्थ तसा नाही म्हणून?” मला धीर देण्याचे काम तिने करावे, हे त्या दिवशीचे मला सर्वांत जड गेले.

अठ्ठावीस दिवस

असे पत्र हातात आल्यावर घरात दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, नशिबात नव्हते, सोडून द्या. दुसरे म्हणतात, ओळखीने काम होईल, अमक्याला पैसे द्या. दोघांचेही ऐकू नये. नकारपत्राच्या शेवटच्या पानावर बहुधा बारीक अक्षरांत पुढचा मार्ग लिहिलेला असतो. दुःखाच्या भरात ते पान कोणी वाचत नाही. आमच्याही पत्रात तो होता. निर्णय हाती पडल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत, देशाबाहेरील अर्जदाराला ब्रिटनच्या प्राथमिक न्यायाधिकरणाकडे अपील करता येणार होते.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. पती वा पत्नी ब्रिटनची नागरिक असेल किंवा तेथे कायम वास्तव्यास असेल, तर जोडीदाराचा अर्ज नाकारणे हा कुटुंबजीवनाच्या हक्काचा प्रश्न मानला जातो आणि म्हणून स्वतंत्र न्यायाधीशापुढे दाद मागता येते. परंतु जोडीदार तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर गेला असेल, तर सामान्यतः अपील नसते. निर्णयात चूक झाली का, एवढे खात्यातलाच दुसरा अधिकारी तपासतो. आपल्या मुलाची वा जावयाची स्थिती यांपैकी कोणती, हे लग्न ठरवतानाच विचारून ठेवणे बरे. पगार किती, हे आपण विचारतोच.

अपिलाऐवजी नव्याने अर्ज करण्याचा मार्गही मोकळा होता. उणीव केवळ एखाद्या कागदाची असेल तर तो कधीकधी लवकर फळतो; मात्र शुल्क पुन्हा भरावे लागते, आणि पूर्वीचा नकार पुढील प्रत्येक अर्जात नमूद करावा लागतो. आमच्या प्रकरणात प्रश्न कागदाचा नव्हता, विश्वासाचा होता. लग्न खरे आहे, असा निर्णय न्यायाधीशाच्या लेखणीतून यावा, अशी मुलीचीच इच्छा होती. तेथील एका वकिलाच्या सल्ल्याने जावयाने अपील दाखल केले.

आम्ही इकडे कागद जमवू लागलो. पाहण्याचा कार्यक्रम म्हणजे काय आणि साखरपुडा म्हणजे काय, हे सांगणारी दोघांची स्वतंत्र निवेदने झाली. लग्नात वधूचे नाव बदलण्याची आपली प्रथा समजावून सांगणारे, दोन्ही नावांची स्त्री एकच असल्याचे शपथपत्र झाले. विवाहाचा दाखला होताच. पतीच्या प्रवासाची तिकिटे, दोघांच्या संभाषणांच्या नोंदी, सणावारी पाठविलेल्या पैशांच्या पावत्या, सप्तपदीची व लाजाहोमाची छायाचित्रे, सारे तारीखवार लावले. आणि सर्वांवर माझे निवेदन ठेवले, की भाषांतराची चूक माझी आहे, अर्जदाराची नव्हे; मूळ संक्षेपाचा विस्तार असा, त्याचा अर्थ असा, आणि शब्दकोशातील ते पान सोबत जोडले आहे. चुकीची कबुली लिहिताना लेखणी अडखळते खरी. पण आयुष्यात लिहिलेल्या मजकुरांपैकी याहून अधिक उपयोगी असे मी काही लिहिले असेल असे वाटत नाही.

हा हक्क कोठून आला?

अपील गेले आणि वाट पाहणे सुरू झाले. सुनावणीच्या तारखेला आठ महिने लागले. या काळात, एका घरच्या दाराशी आलेल्या या प्रश्नाचे मूळ शोधावे म्हणून मी वाचू लागलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवले पाहिजे, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे.

ब्रिटनमध्ये प्रवेश नाकारला गेल्यास अपील करण्याची व्यवस्था १९६९च्या कायद्याने आली. विल्सन समितीने १९६७ साली तशी शिफारस केली होती. मात्र त्याच कायद्याने, मागून येणाऱ्या पत्नी-मुलांनी निघण्यापूर्वीच आपल्या देशात प्रवेशपत्र घेतले पाहिजे असेही बंधन घातले. म्हणजे एका हाताने दार अधिक अरुंद केले आणि दुसऱ्या हाताने ते ठोठावण्याचा अधिकार दिला.

पण नवऱ्यामागून गेलेल्या भारतीय स्त्रीला दारात अडविण्याची कथा याहून पुष्कळ जुनी आहे. १९१२च्या जानेवारीत भागसिंग आणि बलवंतसिंग हे कॅनडात राहणारे दोन शीख गृहस्थ आपल्या बायकामुलांना घेऊन व्हँकुव्हरला पोचले. पुरुष पूर्वीचे रहिवासी म्हणून उतरू शकले. बायकामुलांना परत पाठविण्याचा हुकूम झाला. प्रकरण न्यायालयात गेले, गवगवा झाला, आणि अखेर सरकारने ‘केवळ कृपा म्हणून, पायंडा पडणार नाही अशा बेताने’ त्यांना राहू दिले. हक्क म्हणून जे मागितले ते कृपा म्हणून मिळाले.

दक्षिण आफ्रिकेत तेवढी कृपाही झाली नाही. हसन एसप नावाच्या भारतीय रहिवाशाची पत्नी बाई मरियम पतीकडे निघाली, तिला उतरू दिले नाही, आणि पतीने केपच्या न्यायालयात दाद मागितली. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निर्णय दिला, की ज्या धर्मरीतीत बहुपत्नीकत्वाला मुभा आहे त्या रीतीने झालेला विवाह तेथील कायद्यास मान्य नाही. एका जोडप्याच्या अपिलातून असा निर्णय निघाला, की हिंदू, मुसलमान, पारशी अशा हजारो घरांतल्या गृहिणी एका दिवसात कायद्याच्या दृष्टीने पत्नी राहिल्या नाहीत आणि त्यांची मुले वारस राहिली नाहीत.

तोवर गांधीजींच्या लढ्यात स्त्रिया तुरुंगात गेलेल्या नव्हत्या. या निर्णयाने ते चित्र पालटले. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातील सोळा जणांची तुकडी ट्रान्सवालची सीमा परवान्यावाचून ओलांडण्यास निघाली. तीत चार स्त्रिया होत्या आणि त्यांतील एक कस्तुरबा. २३ सप्टेंबरला सर्वांना तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. ट्रान्सवालमधल्या स्त्रियांनी न्यूकॅसलच्या कोळसा खाणींत जाऊन मजुरांना संपावर येण्याचे आवाहन केले आणि लढा पेटला. तुरुंगात आजारी पडलेली वल्लिअम्मा ही कोवळ्या वयाची तमिळ मुलगी सुटल्यावर थोड्याच दिवसांत, २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली. त्याच वर्षी भारतीयांना दिलासा देणारा कायदा झाला. त्याने तीन पौंडांचा कर रद्द केला आणि एकपत्नी असलेल्यांचे भारतीय रीतीचे विवाह मान्य केले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय स्त्रीचे पत्नीपण कायद्यात पुन्हा प्रस्थापित झाले ते असे, तुरुंगाच्या वाटेने.

या लढ्यामागे इकडून पैसा आणि लोकमत उभे करणारा पुरुष आपला होता. नामदार गोखले ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते. त्या दौऱ्यातील एक प्रसंग गांधीजींनी आपल्या सत्याग्रहाच्या इतिहासात लिहून ठेवला आहे. जोहान्सबर्गला कोकणातले मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू राहात असत. गोखल्यांचे भाषण मराठीतून ऐकावे अशी त्यांची फार इच्छा होती. गांधीजींनी ती गोखल्यांना कळविली, भाषांतर आपण करू असेही सांगितले. त्यांच्या मराठीविषयी गोखल्यांनी थोडी थट्टा केली. पण भाषण मराठीत झाले, आणि नंतरही झांजिबारपर्यंत प्रसंगोपात्त होत राहिले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपण मंडळींनी हे चित्र मनात जपून ठेवावे. परक्या देशात, कायद्याने उपरे ठरविलेली माणसे आपल्या भाषेतील चार शब्दांसाठी जमली आहेत, आणि त्या शब्दांचे भाषांतर करणारा मनुष्य मात्र माझ्यापेक्षा सावध आहे!

यानंतरचा काळही सोपा नव्हता. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, विवाहासाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे का हे पाहण्यासाठी, अपमानकारक शारीरिक तपासणी करण्यात आली. वृत्तपत्रांतून ते प्रसिद्ध होताच मोठा क्षोभ झाला आणि त्या प्रकारावर बंदी आली. ती शिक्षिका होती, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषाला पत्नी आणता येई, पण स्त्रीला पती आणणे फार कठीण होते. तीन स्त्रियांनी त्याविरुद्ध स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात धाव घेतली. त्यांतील नर्गिस अब्दुलअझीझ या मलावीत जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या. त्यांच्या पतीचा जन्म आपल्या दमणचा. २८ मे १९८५ रोजी निर्णय लागला, की हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. सरकारने भेद मिटविला खरा. पण तो स्त्रियांसाठी नियम सैल करून नव्हे, तर पुरुषांसाठीही घट्ट करून! लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणे हा नव्हता, असे अर्जदारानेच सिद्ध करावे, असाही एक नियम त्या काळी होता. भारतीय उपखंडातील अनेक वरांना त्याने वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले. १९९७ साली तो रद्द झाला.

हे सारे वाचल्यावर आमच्या चार पानी नकारपत्राकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. त्याच्या शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांतल्या ओळी कोणी सहज दिलेल्या नव्हत्या.

आठ महिने आणि एक दुपार

वाट पाहण्याचा काळ घरातल्या स्त्रियांना अधिक जड जातो. मुलगी कधी देवासला सासरी, कधी हातोदला माहेरी असे. दोन्हीकडे तिला प्रेमाने वागवीत. पण प्रेमाचीही माणसे प्रश्न विचारतात. तिच्या आईने चैत्रातल्या हळदीकुंकवाला जाणे टाळले, कारण तेथे प्रत्येकजण एकच विचारणार, ‘अजून इथेच का?’ आजी तर एकदा बोलून गेल्या, “लेक दिली ती दिल्यासारखी वाटेना, आणि ठेवली म्हणावी तर ठेवलीही नाही.” नकारपत्रात लिहिलेले अविश्वासाचे वाक्य असे सावकाश घराच्या भिंतींत मुरत जाते. ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांच्या शेजाऱ्यांना एवढीच विनंती, की चौकशी थोडी कमी करावी.

२०२३च्या फेब्रुवारीत सुनावणी झाली होती. पती तेथे पडद्यावरून न्यायाधीशांपुढे उपस्थित झाला. त्याची थोरली बहीण तिकडेच राहते, तिनेही साक्ष दिली. पत्नीला मात्र बोलण्याची संधी नव्हती. अशा अपिलांत सहसा जो तेथे आहे त्याचीच साक्ष होते. जिचे पत्नीपण ठरायचे ती येथे हातोदला, देवघरापाशी, भ्रमणध्वनी समोर ठेवून बसली होती.

तासाभराने जावयाचा फोन आला. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतले होते. “पत्नीला कोणत्या नावाने हाक मारता?” असे त्यांनी विचारले. जावयाने सांगितले, की घरी सगळे तिला माहेरच्याच नावाने हाक मारतात. तांदळात लिहिलेले नाव सासूबाईंनी हौसेने निवडलेले, म्हणून विम्यात ते घातले, आईला बरे वाटावे म्हणून. भाषांतराविषयी सरकारी बाजूने एक-दोन प्रश्न विचारले गेले आणि माझे निवेदन वाचून दाखविण्यात आले.

तीन आठवड्यांनी निर्णय आला. अपील मंजूर झाले होते. तारखांतील विसंगतीचे दिलेले स्पष्टीकरण विश्वासार्ह आहे आणि विवाह खरा आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सरकारने पुढे वरच्या न्यायाधिकरणात जाण्याची परवानगी मागितली नाही. तेथे केवळ कायद्याच्या चुकीवरच जाता येते. आईने आधी साखर माझ्या हातावर ठेवली आणि मग देवापुढे. वैशाखात मुलगी गेली. विमानतळावर निघण्यापूर्वी पाया पडायला आली तेव्हा हसून म्हणाली, “सर, आता ‘सौ.’ लिहायला हरकत नाही.”

वाचकांसाठी चार गोष्टी

अशी वेळ कोणावर न येवो. पण आपल्या प्रत्येक घरातून आता कोणी ना कोणी परदेशी आहे, तेव्हा काही गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, विवाहाची नोंदणी. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असे राज्यांना सांगितले. पण याची दुसरी बाजूही आहे. व्हिसाला उशीर नको म्हणून काही घरांत आधी नोंदणी करून घेतात आणि विधी पुढे वर्षभराने करतात. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने याच प्रथेचा उल्लेख करून बजावले, की हिंदू विवाह विधींनी होतो; विधी झालेलेच नसतील तर केवळ दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही. आधी लग्न, मग नोंद, हा क्रम मोडू नये. काही देशांना दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाची ‘अपॉस्टिल’ मोहोर लागते. २००५ पासून भारतात ती मिळते.

दुसरी गोष्ट, नाव. लग्नात नाव बदलणे हौसेचे असेल तर ते देवघरापुरते ठेवावे, किंवा बदलायचेच असेल तर पारपत्र, दाखला, बँक, विमा सर्वत्र एकदमच बदलावे. आपल्या मध्य प्रदेशात मराठी आडनावांचे लेखन हिंदी वळणाने होते, शाळेच्या दाखल्यावर एक, आधारावर दुसरे. माहेरच्या-सासरच्या सर्व कागदांवरील अक्षरे एकदा शेजारी ठेवून ताडून पाहावीत.

तिसरी गोष्ट, देशादेशांचे नियम सारखे नाहीत. कॅनडात पत्नीच्या प्रायोजकत्वाचा अर्ज नाकारला गेला तर तेथील प्रायोजकाला तीस दिवसांत अपील करता येते. ऑस्ट्रेलियातही तेथे राहणारा जोडीदार फेरविचार मागू शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून ते काम नव्या न्यायाधिकरणाकडे आहे. अमेरिकेत पतीने तेथून केलेली याचिका नाकारली गेली तर अपील आहे. पण याचिका मंजूर होऊन नंतर वकिलातीने व्हिसा नाकारला, तर न्यायालये बहुधा त्यात पडत नाहीत. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सँड्रा मुन्योझ यांच्या प्रकरणात हेच सांगितले, की परदेशी पतीला देशात प्रवेश मिळावा असा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. ब्रिटनमध्येही उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी २९,००० पौंडांवर गेली. नियम बदलत राहतात. यास्तव शेजारच्या मुलीच्या वेळी काय झाले, यावर न विसंबता त्या दिवशीचा नियम पाहावा, आणि दलालाऐवजी अधिकृत वकील गाठावा.

चौथी आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट, सत्य. जे घडले ते घडले तसे सांगावे. पाहण्याचा कार्यक्रम सांगण्यात कमीपणा वाटून ‘आम्ही मित्र होतो’ अशी कथा रचणारी मंडळी मी पाहिली आहेत. रचलेल्या कथेतले दोघे कधीतरी वेगळे बोलतात. आमच्या प्रकरणातही दोघे वेगळे बोलले होते. पण दोघेही खरे बोलले होते, म्हणून वेगळेपणाचे स्पष्टीकरण देता आले.

माझ्यापुरते सांगायचे तर आता भाषांतराचा कागद माझ्याकडे आला की मी तो रात्री करीत नाही. सकाळी करतो, आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचावयास देतो. दहावीच्या मराठीच्या वर्गात संक्षेप शिकविताना ‘चि. सौ. कां.’ फळ्यावर लिहितो आणि मुलांना त्याचा विस्तार विचारतो. कोणी ‘सौ. म्हणजे लग्न झालेली’ असे म्हटले की रागावत नाही. ती चूक कोठवर जाऊ शकते, हे तेवढे सांगतो.